खाऱ्या टाकीवरचा दिवा : अमळनेर, २०२४

११ फेब्रुवारी

साहित्य संमेलन आटोपलं, मांडववाल्यांच्या पंख्या-मोटारींची कामं संपली, दुकानात जरा उसंत आहे. रिवायंडिंगचा हंगाम पुन्हा मार्चअखेर, विहिरींचं पाणी खाली गेलं की सुरू होईल. तोवर बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीचा विषय पुढे न्यायचा.

सद्यस्थिती. टाकी ३६ × १८ × १८ इंच. भरून हिशेब केला तर १९० लिटर, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १६५ ते १७०. सिरॅमिकचे दगड. टाकी पिकून झाली आहे, म्हणजे माशांची घाण पचवणारे जीवाणू आत स्थिरावलेत; अमोनिया आणि नायट्राइट शून्य. क्लाउनफिशची जोडी आणि चार-पाच गोगलगायी. वर सध्या साधी पांढरी एलईडी पट्टी आहे, ती मासे दिसण्यापुरती. प्रवाळ ठेवायचे तर हिच्यावर भागणार नाही.

पर्याय तीनच: मेटल हॅलाइड (मांडवातला प्रखर झोताचा बल्ब), टी५ (बारीक फ्लुरोसंट ट्यूब), एलईडी. या छंदात पंधरा-वीस वर्षं यावर भांडणं चालली आहेत. भांडणारे बहुतेक थंड हवेचे लोक. अमळनेरच्या मे महिन्यात काय टिकतं हे कुणी लिहिलेलं नाही, म्हणून ही वही.

१८ फेब्रुवारी

दिव्याआधी प्रवाळ ठरवायला हवेत, कारण दिवा त्यांच्यासाठी आहे.

दगडी प्रवाळ, म्हणजे अक्रोपोरा, मॉन्टिपोरा वगैरे कठीण सांगाड्याचे, यादीतून बाद. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखेही त्यात आलेच. मुंबईच्या बाजारात कुणी काहीही दाखवो, वाघाच्या पंक्तीतला जीव बैठकीत आणून ठेवायचा नाही. शिवाय खरंखुरं 'लाइव्ह रॉक' म्हणजे मेलेल्या दगडी प्रवाळाचाच तुकडा असतो. सिरॅमिकचे दगड घेतले ते त्यामुळे.

राहिले मऊ गडी: मशरूम (डिस्कोसोमा, रोडॅक्टिस), झोअँथिड, लेदर (सार्कोफायटन) आणि जमल्यास झेनिया. बाहेरून आलेले, कागदपत्रं असलेल्या विक्रेत्याकडचे.

यादी मऊवर आली तशी दिव्याची गरजही खाली आली. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी प्रवाळाला देतं. त्याला लागणारा उजेड 'पार' या मापात मोजतात: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडतात, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारचं ऊन २००० च्या आसपास. अक्रोपोरासारख्याला छंदी लोक २०० ते ३५० देतात. मशरूमला ३० ते ७५ पुरे, झोअँथिड आणि लेदर ७५ ते १५० मध्ये खूश. म्हणजे मला टाकीत उन्हाचा विसावा भाग हवा आहे, कुठे कुठे त्याहून कमी.

आणि रंग निळा. पाणी तांबडा उजेड पहिल्या काही मीटरांतच पिऊन टाकतं, निळा खोलवर जातो. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथल्या प्रवाळांचा माथाच वीसेक मीटर पाण्याखाली आहे, म्हणजे तिथे वरून पोहोचतो तो उजेड निळसरच. झूझँथेलीतलं क्लोरोफिल आणि पेरिडिनिन हे रंगद्रव्यही ४०० ते ५०० च्या निळ्या पट्ट्यातच सगळ्यात जास्त उजेड खातं. प्रवाळाच्या दिव्यांवर १४,०००, २०,००० केल्विन असे आकडे येतात ते यामुळे; केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळा. दुकानातली पांढरी ट्यूब ६५०० असते.

३ मार्च

मोजायचं कशाने? दुकानात लक्स मीटर आहे, शाळेच्या वर्गांत उजेड पुरेसा आहे की नाही ते दाखवायला घेतलेला. तो इथे फसवतो. कसा ते कागदावर मांडून पाहिलं.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला सर्वात तिखट, ४५० च्या निळ्याला जवळजवळ आंधळा, फक्त चार टक्के. उन्हासाठी लक्सला ५४ ने भागलं की पार मिळतो. ४५० च्या शुद्ध निळ्यासाठी मात्र एक मायक्रोमोल म्हणजे जेमतेम ७ लक्स. म्हणजे निळ्या एलईडीखाली मीटर १०५० लक्स दाखवत असेल तर उन्हाच्या भागाकाराने पार निघतो १९, आणि प्रत्यक्षात तो १५० असू शकतो. मोबाइलमधल्या ॲपचंही तेच. 'माझ्याकडे इतके लक्स आहेत, पुरतील का' या प्रश्नाला दिवा कोणता ते कळल्याशिवाय उत्तरच नाही.

लक्स मीटर एका कामाचा: एकाच दिव्याखाली, एकाच सेटिंगवर, मध्य आणि कोपरा यांच्यातला फरक किती. दोन वेगळे दिवे त्याने तोलायचे नाहीत.

खरा पार मीटर विकत घेण्याइतका पैसा या विषयात घालायचा नाही. जळगावकडे केळीच्या टिश्यू कल्चर रोपांच्या प्रयोगशाळेत एक ओळखीचे बापू आहेत, त्यांच्याकडे आहे. एका शनिवार-रविवारपुरता देतो म्हणाले. एप्रिलमध्ये.

१७ मार्च

मेटल हॅलाइड. मांडववाल्या आप्पांच्या गोदामात २५० वॅटच्या फ्लड फिटिंग धूळ खात पडल्यात. गावात याला सरसकट 'हॅलोजन' म्हणतात, त्या नावाने मागितली तरच मिळते. आप्पा म्हणाले, "ली जाय, पन परत आनी दे." त्यांना आता एलईडी फ्लड परवडतात, ही काढायलाही कुणी येत नाही.

मांडवाच्या बल्बचा रंग प्रवाळाला निरुपयोगी. प्रवाळाचा १४,००० किंवा २०,००० केल्विनचा बल्ब बाहेरूनच मागवावा लागतो. पण वीज आणि उष्णता रंगावर अवलंबून नसते, म्हणून चाचणीला ही फिटिंग चालेल. पुढची काच शाबूत आहे याची खात्री केली. दोन टोकांच्या बल्बला बाहेरचं कवच नसतं, अतिनील किरण अडवायला ती काचच असते. ती काढून टाकीवर लावली तर प्रवाळ आणि आपले डोळे, दोन्ही भाजतात.

आधी बाकावर. चोक आणि इग्नायटर, कॅपॅसिटर काढलेला: क्लॅम्प मीटरवर ३ अँपिअर. कॅपॅसिटर जोडला, १.३५. वॅट दोन्ही वेळा २७८, त्यातले २८ चोकच खातो. घरच्या बिलात फरक नाही, मीटर युनिट मोजतो. पण इन्व्हर्टर व्हीए पाहतो, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. कॅपॅसिटर गेलेली फिटिंग साडेआठशे व्हीएच्या इन्व्हर्टरवर टाकली तर एकट्या दिव्याने तो दमेल, आणि मांडवाच्या फिटिंगमध्ये कॅपॅसिटर गेलेला असणं हाच नियम.

मग टाकीवर, पाण्यापासून फूटभर वर. खोली ३१ अंश. सहा तासांत पाणी २६.५ वरून २८.९. हे मार्चच्या मध्यावर, पंखा न लावता. उष्णता कुठे जाते ते हात धरून कळतं. बल्ब खाली किरणांनी भाजतो, ती ऊब थेट पाण्यात शिरते.

दिसायला मात्र हा दिवा राजा. एका बिंदूतून उजेड निघत असल्याने पाण्याच्या लाटांच्या रेषा वाळूवर नाचतात. विहिरीत दुपारी बारा वाजता वाकून पाहिल्यावर दिसतात तशा. मी बराच वेळ बघत बसलो. जुने लोक याला का सोडत नाहीत ते समजलं.

नापास करणारी गोष्ट संध्याकाळी घडली. वीज डोळ्याची पापणी लवेल इतकी गेली आणि आली. घरातलं दुसरं काहीही बंद पडलं नाही, हा विझला. गरम असताना आतल्या वायूचा दाब इतका असतो की इग्नायटरला ठिणगी पाडता येत नाही. थंड व्हायला दहा-पंधरा मिनिटं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी अशी उघडझाप कितीदा होते ते सांगायला नको. बल्ब वर्षाने बदलायचा हे वेगळंच, रंग सरकत जातो म्हणून.

३१ मार्च

टी५. नाशिकच्या एका छंदी मित्राने एलईडी बसवल्यावर त्याची चार ट्यूबची फिटिंग माळ्यावर टाकली होती, ती एसटीने आली. ३९ वॅटच्या चार ट्यूब, ८५ सेंटीमीटर लांब, तीन फुटी टाकीला अगदी बेतलेल्या. प्रत्येक ट्यूबला वेगळा चकचकीत रिफ्लेक्टर.

इथल्या दुकानात टी५ मागितली तर चार फुटी, २८ वॅटची पट्टी मिळते. तो वेगळा प्रकार. ट्यूबची जाडी तीच, १६ मिलिमीटर, पण ती कमी वॅटची. प्रवाळासाठी 'हाय आउटपुट' लागते: २४, ३९, ५४, ८० वॅट. एकाचा चोक दुसऱ्याला चालत नाही. इलेक्ट्रॉनिक चोकवर ट्यूबचं नाव छापलेलं असतं, ते वाचून मगच जोडायचं.

हिच्यात दोन निळ्या-पांढऱ्या आणि दोन शुद्ध निळ्या ट्यूब आहेत. लावताच पहिली गोष्ट डोळ्यात भरते: सावलीच नाही. कपारीतही उजेड पोहोचतो. ओळीने दगड रचले तरी कुणी उपाशी राहणार नाही. प्रवाळाच्या वाढीसाठी टी५ वर लोकांचा इतका विश्वास का, ते इथे आहे. ताकद अफाट नसते, पण ती सगळीकडे सारखी पसरते.

प्लगमधल्या मीटरवर १६८ वॅट.

अडचण पहिली. टी५ ट्यूब जास्तीत जास्त उजेड देते ती तिच्याभोवतीची हवा ३५ अंश असताना. साध्या टी८ ची सर्वोत्तम स्थिती २५ अंशांना असते, टी५ मुळात बंद फिटिंगसाठी म्हणून अशी बनवली. युरोपातल्या बैठकीत ती आपोआप ३५ ला येते. आमच्या बैठकीत हवाच ३५ असेल तेव्हा फिटिंगच्या आत काय असेल? आज, खोली ३३ असताना, आत थर्मामीटर घातला तर ४६. वीज तेवढीच, उजेड घटलेला, उरलेली सगळी उष्णता. पंखा लावून हवा फिरवता येते, पण पंखा लागला की खारट बाष्प आत ओढलं जातं आणि होल्डरच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात.

अडचण दुसरी, आणि माझ्या धंद्याच्या नजरेने मोठी. ट्यूब वर्षभरात बदलायच्या, चारही. त्यांत पारा असतो. युरोपीय संघाने टी५ आणि टी८ ट्यूब ऑगस्ट २०२३ पासून बाजारात आणणं बंद केलं. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या जिनिव्हातल्या बैठकीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, लांब फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. भारत त्या करारात आहे. ज्या दिव्याचं वर्षाला सुटं सामान लागतं आणि ते सामानच बंद व्हायचंय, तो आज नव्याने बसवणं म्हणजे बंद पडलेल्या मॉडेलची मोटार नव्या बोअरवर सोडणं.

१३ व १४ एप्रिल

पार मीटर हातात. बापू स्वतः पोचवायला आले, कारण त्यांना टाकी बघायची होती. सेन्सर सीलबंद आहे, पाण्यात बुडवता येतो, पण पाण्याखाली तो कमी दाखवतो म्हणून कंपनीने दिलेल्या गुणकाने आकडा वाढवायचा. खालचे सगळे आकडे गुणक लावून.

एलईडी म्हणजे बाजारात मिळणारा काळा डबा. वर '१६५ वॅट' छापलेलं. उघडून पाहिला: ३ वॅटचे ५५ दाणे, दोन ड्रायव्हर, एक पांढऱ्याचा आणि एक निळ्याचा, अॅल्युमिनियमची जाळी, दोन पंखे. ५५ गुणिले ३ बरोबर १६५, म्हणून १६५ वॅट. दोन्ही वाहिन्या पूर्ण ठेवून मीटरवर येतात ११२. दाण्यावर लिहिलेलं वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त झेपवू शकतो तो आकडा. मोटारीच्या पाटीवरचा एचपी आणि ती ओढते तो करंट यांतला फरक ज्याला कळतो त्याला यात नवल नाही. पण तुलना करताना प्रत्येकाने आधी हा मीटर लावावा, डब्यावरचं वाचू नये.

टाकी रिकामी नाही, दगड जागेवरच. दिवा पाण्यापासून २५ सेंटीमीटर वर.

टी५, चारही ट्यूब: वाळूवर मधोमध १०८, पुढच्या कोपऱ्यात ८४, दगडाच्या माथ्यावर १६०.

एलईडी, निळा ६० टक्के, पांढरा २०: वाळूवर मधोमध ९२, कोपऱ्यात ३८, दगडाच्या माथ्यावर १८५. मीटरवर ६४ वॅट.

मधल्या आकड्यासाठी टी५ ला १६८ वॅट आणि एलईडीला ६४. कोपऱ्यात मात्र एलईडी साफ मागे. दाण्यांवर ९० अंशांच्या लेन्स आहेत, त्या उजेड एकवटून खाली फेकतात. शिवाय पांढरे आणि निळे दाणे वेगवेगळ्या जागी, त्यामुळे दगडाच्या कडेला दोन रंगांच्या दोन सावल्या पडतात आणि पाणी हललं की त्या थरथरतात. काहींना ते आवडतं. मला सिनेमाच्या तंबूतल्यासारखं वाटतं.

चहा घेताना बापूंनी सांगितलं की त्यांच्याकडेही रोपांच्या मांडण्यांवर आधी ट्यूब होत्या. वाढखोलीत हजारो बाटल्या, त्यावर ट्यूब, आणि ट्यूबची उष्णता बाहेर काढायला एसी. एलईडी लावल्यावर दिव्याचं बिल उतरलंच, एसीचं त्याहून जास्त उतरलं. माझा प्रश्न तोच आहे, फक्त खोली लहान.

रोज किती युनिट? मेटल हॅलाइड आठ तास, २.२. टी५ नऊ तास, १.५. एलईडी या सेटिंगवर नऊ तास, ०.६ च्या आत. महिन्याला ६७, ४५ आणि १७. आमचं घर आधीच शंभरच्या वरच्या टप्प्यात असल्याने प्रत्येक युनिट महागाच्या दराने.

११ मे

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घर भरलेलं, खापरावरची पुरणपोळी, आमरस, अंगणात झोका. बहीण माहेरी आली आणि आल्या आल्या टाकीपुढे उभी: "भाऊ, इतलं निळं काबर करी ठेयं? यामा मासा कोठे शेतस?" दोन मासे दाखवले. तिचं समाधान झालं नाही. माय पलंगावरून म्हणाली, "त्या दगडस्ले पंखा शे, आमले कूलर नको का?" मग कूलर लावला.

त्यातून एक तपासायची गोष्ट निघाली. टाकी मी बाष्पीभवनाने गार ठेवतो: पृष्ठभागावर दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २४ लाख ज्यूल घेऊन जातं. दिवसाला एक लिटर म्हणजे सतत चालणारे २८ वॅट बाहेर. सध्या रोज चार लिटर उडतं, म्हणजे ११० वॅट. दिवा, पंप सगळं धरून टाकीत येणारी उष्णता याच्या आत बसवली की चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागत नाही. मेटल हॅलाइडने हे गणित पहिल्याच दिवशी मोडलं असतं. टी५ ने काठावर आणलं असतं.

भीती होती की कूलरने खोली दमट होईल आणि पंखे निकामी होतील. तसं होत नाही. फुंकर मारून पाणी ज्याच्या खाली जाऊच शकत नाही तो आकडा म्हणजे ओल्या फुग्याचं तापमान. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते २२ च्या आसपास येतं. बाहेरची हवा ओढणारा कूलर हवा गार आणि ओली एकाच वेळी करतो, त्यात ओल्या फुग्याचा आकडा तसाच राहतो. फक्त खिडकी उघडी हवी. काल खोली ३३, पाणी २७.४. मुंबईचा छंदी माणूस चिलरशिवाय मे काढूच शकत नाही असं म्हणतो, त्याच्या दमट हवेत ते खरं आहे. आमचा कोरडा फुफाटा इथे कामी येतो.

वर घालायचं पाणी आरओचं, गोडं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं.

निर्णय: एलईडी. कोपऱ्यांचं पुढे बघू.

२० मे

काल सखाराम महाराजांचा रथ. बोरी नदीच्या पात्रात यात्रेची दुकानं लागलीत. सवयीने दिवेच बघत फिरलो. पूर्वी पाळण्यांवर आणि मिठाईच्या दुकानांवर हॅलाइड असायचे, खाली उभं राहिलं तर टाळू तापायची. आता झाडून सगळीकडे एलईडी, जनरेटरही लहान झालेत. प्रवाळ अजून आणलेले नाहीत, या उन्हात पार्सल उकडून येईल.

२६ मे

बाहेर ४५ च्या वर. दुपारी बारा ते चार कुणी घराबाहेर नाही. वीज येते-जाते.

दिव्याची वेळ बदलली. आतापर्यंत सकाळी १० ते संध्याकाळी ७ होती, माणसाच्या सवयीने. प्रवाळाला घड्याळाशी देणंघेणं नाही, त्याला ठरलेला उजेड आणि ठरलेला अंधार हवा. आता दिवा संध्याकाळी ५ ला मंद सुरू होतो, ६ ते १२ पूर्ण, २ ला विझतो. खोली सर्वात तापलेली असते त्या वेळात टाकीवर एकही वॅट नाही. पाण्याचा दिवसभरातला चढउतार दीड अंशावरून पाऊण अंशावर आला. फायदा आणखी एक: दुकान बंद करून घरी आल्यावर टाकी बघायला मिळते. दुपारी बैठकीचे पडदे ओढलेले, त्यामुळे टाकीला रात्र पुरेशी काळी मिळते.

एलईडीच्या दाण्यांनाही हे सोयीचं. तापले की उजेड कमी होतो आणि आयुष्य घटतं. पंखे उघडून धूळ काढली. आमच्याकडच्या धुळीने महिन्याभरात जाळी बुजते.

इन्व्हर्टरची वाटणी: प्रवाहाचा पंप आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर, दिवा नाही. एक संध्याकाळ दिवा लागला नाही तर प्रवाळ मरत नाहीत. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात पाणी थांबलं तर काही तासांत मासे वर येऊन तोंड मारू लागतात.

१६ जून

पाऊस पडून हवा उतरली, पार्सल मागवलं. मुंबईहून रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या पेटीत. दोन मशरूम, एक झोअँथिडचा खडा, एक छोटा लेदर. पाणी मिसळून, हातमोजे घालून. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. ते जबरदस्त विष आहे, हाताला चीर असेल तर त्यांना उघड्या हाताने धरायचं नाही. घरात पोरं असलेल्यांनी हे आधी वाचावं, दिव्याचं नंतर.

दिवा ६० वरून निळा ३०, पांढरा ८ वर आणला. विक्रेत्याकडे आणि वाटेत त्यांनी अंधार पाहिलाय. एकदम झोत दिला तर झूझँथेली जास्तीचा प्राणवायू घातक रूपात तयार करतं आणि प्रवाळ आपल्याच भाडेकरूंना हाकलतं, पांढरं पडतं. १९९८ मध्ये लक्षद्वीपपासून मन्नारच्या आखातापर्यंत झालं ते समुद्र तापल्यामुळे. तापलेलं पाणी आणि प्रखर उजेड एकत्र आले की नुकसान आणखी वेगाने होतं. म्हणून उन्हाळ्यात टक्केवारी वाढवायची नाही, हे भिंतीवरच्या पाटीत लिहून ठेवलं.

जागा एप्रिलच्या आकड्यांवरून: मशरूम कोपऱ्यात वाळूवर, झोअँथिड मधल्या पायरीवर, लेदर माथ्याच्या थोडं खाली. एलईडीचा उजेड विषम पडतो म्हणून मी कुरकुरत होतो. तीनही जातींना वेगवेगळा उजेड हवा आहे, तो त्यानेच आयता वाटून दिला.

७ जुलै

लेदर आठवडाभर मिटून बसला होता, वर मेणचट पापुद्रा. बहिणीला फोटो पाठवला तर ती म्हणाली मेला. कात टाकणं म्हणतात याला, त्यांची सवय आहे. पापुद्रा प्रवाहाने निघाला आणि काल पूर्ण उमलला.

झोअँथिडच्या माना लांब होताहेत. उजेड कमी पडल्याची खूण. निळा ४५, पांढरा १२. आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त नाही.

हवा दमट. ३० अंश, ८० टक्के आर्द्रता, ओल्या फुग्याचा आकडा २७ वर. पंखे तेच, पण पाणी उडतं रोज दीड लिटर. टाकी २८.१. मे महिन्यात २७.४ होती. म्हणजे अमळनेरच्या टाकीला वैशाखापेक्षा आषाढ जड. चोवीस तास चालणारा जुना पंप काढून कमी वॅटचा डीसी पंप लावला, १८ वॅट वाचले. दिव्यात आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही.

१२ ऑगस्ट

काल कानबाईचा सण. रोटांचा घाट दोन दिवस, घरात पंचवीस माणसं, टाकीच्या काचेवर पोरांचे हात. झोअँथिडला नवी तोंडं फुटलीत, खड्याच्या कडेवरून खाली सरकताहेत.

दोन रंगांच्या सावल्यांचा बंदोबस्त केला. डब्याखाली दुधी अॅक्रिलिकचा पातळ पत्रा, दाण्यांपासून चार सेंटीमीटर सोडून, बाजूंनी हवा खेळती. रंग मिसळतात, थरथर गेली. लक्स मीटरने, त्याच सेटिंगवर, आधी आणि नंतर: मध्य २२ टक्क्यांनी खाली, कोपरा ९ टक्क्यांनी वर. या कामाला लक्स मीटर चालतो. मधली घट टक्केवारी वाढवून भरून काढली, ८ वॅट जास्त गेले. टी५ च्या दोन ट्यूब बाजूंनी लावून एलईडी मध्ये ठेवायची, अशी मिश्र फिटिंग बरेच लोक करतात. पसरटपणा उत्तम मिळतो. मला या चार प्रवाळांसाठी ऐंशी वॅट आणखी जाळायचे नाहीत.

अॅक्रिलिकचा आणखी उपयोग, खारट तुषार दाण्यांवर बसत नाहीत. दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायचा. मीठ साचलेला पत्रा दहा-पंधरा टक्के उजेड सहज गिळतो.

१ सप्टेंबर

उद्या पोळा, दुकान बंद, म्हणून वायरिंग आजच नीट केली. सगळ्या वायरींना प्लगच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता झोळाच्या तळाशी टपकेल. टाकीच्या लाइनला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारं बटण. दुसऱ्यांच्या घरी हे लावून देतो, आपल्या घरी राहून जातं. अर्थिंग तपासलं. खाऱ्या पाण्यात हात घालायचा तर आधी बटण बंद, हे पोरांनाही सांगितलं.

सध्याचं सेटिंग: संध्याकाळी ५ ते ६ मंद निळा, ६ ते १२ निळा ६५ पांढरा १५, १२ ते २ उतरता. ७० वॅट. दिवाळीनंतर बापूंकडून पुन्हा पार मीटर आणून अॅक्रिलिकखालचे आकडे घ्यायचे आणि त्यावरून दुसऱ्या लेदरची जागा ठरवायची.

आप्पांची हॅलोजन परत केली, नवा कॅपॅसिटर टाकून. टी५ ची फिटिंग नाशिकच्या मित्राने ठेवून घे म्हटलं. ती बापूंच्या पुतण्याला दिली, पपईची रोपं करतो तो. ट्यूब संपेपर्यंत चालतील.